पावसाळ्यातली वीज माणदेशाला द्या

कृष्णा सांगलीत आयर्विन पुलाशी इशारा पातळीला टेकते, तेव्हा म्हसवडच्या शिवारात पेरलेली बाजरी कैक वेळा मान टाकत असते. एका टोकाला घरांतून बोटीने माणसे काढायची आणि दुसऱ्या टोकाला टँकरची मागणी नोंदवायची, हे सातारा-सांगली पट्ट्याच्या अंगवळणी पडले आहे. म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या दुष्काळाच्या काळातले काम. त्याचे पाणी पसरते साताऱ्याच्या माण तालुक्यात, कालवे मात्र आटपाडी आणि सांगोल्याकडे जातात. बुडीत एकाचे आणि भिजणार दुसऱ्याचे, हा वाद इथल्या लोकांना कोणी शिकवायला नको.

माण, आटपाडी आणि सांगोल्याच्या या माणदेशाला आता पाणी मिळते ते विजेच्या जोरावर. कराडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने आटपाडी-सांगोल्याच्या माळावर चढवले जाते. जिहे-कठापूर योजनेतून ते नेर आणि आंधळीच्या तलावांत पडते आणि तिथून माणगंगेत. या उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार राज्य सरकार उचलते, १९ टक्के शेतकऱ्यांच्या पाणीपट्टीतून यायचा असतो. पंप बसले, पाइप टाकले, भूमिपूजने तर एकेका योजनेची दोन-दोनदा झाली. पण आवर्तन केव्हा आणि किती दिवस चालवायचे, हे शेवटी बिलाकडे बघूनच ठरते. म्हणून म्हसवडच्या पाण्याचा विचार करताना विजेचा बाजार बघावा लागतो, आणि तो बघताना नजर थेट पावसाळ्यात भारताला वीज विकणाऱ्या भूतानपर्यंत जाते.

भूतानमध्ये भारताच्या पैशांनी आणि अभियंत्यांच्या मदतीने उभे राहिलेले वीजप्रकल्प बहुतांशी नदीच्या वाहत्या प्रवाहावर चालतात. कोयनेसारखा प्रचंड जलाशय तिथे नाही. नदीला आडवा बंधारा, डोंगरातून बोगदा, खाली वीजघर, आणि जनित्र फिरवून झाले की पाणी परत नदीत. वांगछू नदीवरच्या ३३६ मेगावॉटच्या चुखाचा करार १९७४चा. ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज भारताने दिले आणि भूतानच्या गरजेपेक्षा जास्तीची वीज भारताने विकत घेतली. त्याच नदीवर, त्याच पाण्यावर, खाली १,०२० मेगावॉटचा ताला उभा राहिला. मग ७२० मेगावॉटचा मांगदेछू आला, आणि २०२५ मध्ये १,०२० मेगावॉटच्या पुनात्सांगछू-२ चे उद्‌घाटन झाले. सगळेच सुरळीत झालेले नाही. शेजारच्या पुनात्सांगछू-१ मध्ये धरणाच्या जागी डोंगरउतार खचला आणि काम वर्षानुवर्षे रखडले.

या पद्धतीचे दुखणे उघड आहे. साठा नसल्याने नदी भरली की वीज भरपूर, आणि थंडीत प्रवाह आटला की भूतानलाच भारताकडून वीज घ्यावी लागते. वीज खरेदी करणाऱ्याला हा दोष वाटतो. आम्हाला यातच माणदेशाची सोय दिसते. भूतानच्या नद्या जून ते सप्टेंबर दुथडी वाहतात, कृष्णाही त्याच दिवसांत वाहते. शेतीपंपांची मागणी तेव्हा पडलेली असते. ३१ डिसेंबर २०१३ पासून देशाचे वीजजाळे एक आहे. विजेवर गावाचे नाव लिहिलेले नसते, त्यामुळे चुखाची वीज टेंभूलाच आली असे कोणी दाखवू शकणार नाही. पण खरेदीचा करार हंगामाप्रमाणे करता येतो. पावसाळ्याचे चार महिने पुराचे पाणी उचलून राजेवाडी, आंधळी, नेर भरून घ्यायचे, त्या काळापुरती स्वस्त वीज आधीच बांधून घ्यायची, आणि उन्हाळ्यातल्या महागड्या आवर्तनांचा बोजा तेवढा हलका करायचा. हिशेब कठीण नाही. दोन खात्यांनी एकाच टेबलावर बसणे तेवढे कठीण आहे.

शेजाऱ्यांच्या सामाईक प्रकल्पात वाटा आधी ठरला तर काय होते, हे रुसुमोला दिसते. कागेरा नदीवरचा हा ८० मेगावॉटचा प्रकल्प रवांडा, बुरुंडी आणि टांझानिया यांनी समान हिश्श्याने बांधला, आणि कमी लोक उठावेत म्हणून जलाशयाचा आराखडा बदलून वाहत्या प्रवाहाचा केला. आपल्याकडे सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा २७ टक्के वाटा नर्मदा लवादाने १९७९ मध्येच लिहून दिला. पण अक्राणी-अक्कलकुव्याच्या बुडालेल्या गावांना न्याय देण्याची घाई कोणी केली नाही. मुळशीचे धरण बांधणाऱ्या टाटांची वीज कंपनी आज भूतानमध्ये ६०० मेगावॉटच्या खोर्लोछूत ४० टक्क्यांची भागीदार आहे. सेनापती बापटांनी १९२१ मध्ये मुळशीच्या सत्याग्रहात विचारलेला, जमीन बुडणाऱ्यांच्या वाट्याला काय, हा प्रश्न तिथल्या खोऱ्यातही लागू आहे. स्वस्त वीज मागताना तो विसरून चालणार नाही.

पुराचे पाणी उचलायला खालचे राज्य हरकत घेईल, अशी भीती घातली जाते. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी दिले आहे, त्याच्या मर्यादेतच हे बसवावे लागेल, हे खरे. पण कोयनेतून पश्चिमेला सोडलेले ६७.५ टीएमसी पाणी कृष्णेच्या खोऱ्याबाहेर जाते ते कायमचे. माणदेशात चढवलेले पाणी खोऱ्यातच राहते. माणगंगा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. कर्नाटकाशी बोलताना महाराष्ट्राने हा मुद्दा पुढे करायला हवा. तिथल्या अलमट्टी धरणाच्या उंचीवरून नुसती निवेदने काढून सांगलीचा पूर ओसरत नाही.

जलसंपदा आणि ऊर्जा या दोन्ही खात्यांनी येत्या मे महिन्यापूर्वी टेंभू आणि जिहे-कठापूरच्या पावसाळी उपशाचे वेळापत्रक, त्यासाठी लागणारी वीज आणि तिचा दर जाहीर करावा. माण, आटपाडी आणि सांगोल्याच्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून एवढी एकच मागणी एका सहीने करावी.