पहिल्या वर्षाचा निकाल



अमेरिकेतला फुटबॉल आपल्याकडच्यापेक्षा वेगळा. तिथे लांबट चेंडू हातात धरून पळतात. दूर धावत जाऊन साथीदाराने फेकलेला चेंडू झेलतो, तो वाइड रिसीव्हर. असा नवा गडी पहिल्या हंगामात फिका पडला, की शौकिनांत वाद पेटतो. एक म्हणतो, निवडच चुकली. दुसरा म्हणतो, जरा थांबा.

अशा वेळी जेरी राइस आठवावा. मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीय गवंड्याचा हा मुलगा. वडिलांच्या हाताखाली राबताना भाऊ विटा फेकायचे, हा झेलायचा. १९८५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने त्याला पहिल्याच फेरीत निवडले. पण मैदानात झेल सुटू लागले. घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

संघाने मात्र त्याला काढले नाही आणि त्यानेही मेहनत सोडली नाही. पहिल्या वर्षी ४९ झेल, दुसऱ्या वर्षी ८६. निवृत्त झाला तेव्हा नावावर १,५४९ झेल होते. तो विक्रम आजही अबाधित आहे.

आपल्या घरातले कॉलेजची पायरी चढलेले पहिलेच लेकरू पहिल्या वर्षी नापास होते. लगेच नातेवाईक निकाल देतात, "याला कामाला लावा." मायबापहो, घाई करू नका. तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम आहे, म्हणजे योग्य दिशेने नेटाचा प्रयत्न. तो लेकराने करावा. दुसरे वर्ष मात्र आपण त्याला द्यावे.