जिन्याची बिछायत

दिवाळीच्या साफसफाईत जिन्याच्या वाट्याला येते ती फक्त केरसुणी. दिवाणखान्याला नवे पडदे, दाराला तोरण. पण ज्याच्यावरून सगळी मंडळी दिवसातून दहा वेळा वरखाली करतात, त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. म्हणून यंदाचे हे पान मी जिन्यालाच द्यायचे ठरवले आहे.

वाड्यातला लाकडी जिना अंधारा होता, उभा होता, कुरकुरतही होता. पण अनवाणी पाऊल त्यावर सहसा घसरत नसे, आणि धरायला वरून दोर सोडलेला असे. आता रो-हाऊस आले, आणि त्यांच्याबरोबर तोंड दिसावे इतका चकचकीत ग्रॅनाइट आला. पाहुणे म्हणतात, "काय सुरेख जिना आहे हो!" म्हातारी माणसे काहीच म्हणत नाहीत. ती फक्त वर जायचे सोडून देतात.

आमच्या सासूबाईंचेच बघा ना. नातवंडांच्या खोल्या वर, तुळस गच्चीत. पण गेल्या पावसाळ्यापासून त्यांचे एकच पालुपद, "मला काय करायचंय वर जाऊन? मी आपली खालीच बरी." खरे कारण नातीने काढून घेतले. "आजी, तू जिन्याला घाबरतेस का गं?"

"चढताना नाही गं बाई. उतरताना पायरी कुठं संपते तेच दिसत नाही."

या एका वाक्यात सगळे शास्त्र आले. काळ्या दगडाची काळी कड थकलेल्या डोळ्यांना वेगळी उमगत नाही. अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंत पडणे हे जगात दुसऱ्या क्रमांकाचे कारण आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली नमूद केले. तेव्हा जिन्यावर काय अंथरायचे, हा प्रश्न नुसत्या शोभेचा नाही.

दुकानदार म्हणतात, वरपासून खालपर्यंत अखंड गालिचा घाला. ही चाल थंड देशांतली. तिथे त्याने ऊब येते, पावलांचा आवाज बुजतो. जुन्या इंग्रजी घरांत तो पितळी दांड्यांनी बसवीत. मापापेक्षा थोडा लांब घेऊन अधूनमधून वर-खाली सरकवीत, म्हणजे एकाच जागी कडेवर झिजत नसे. आपल्या पावसाळ्यात मात्र ओल्या पावलांनी भिजलेला गालिचा लवकर वाळत नाही, कुबट वास धरतो, आणि त्यातली धूळ दम्याच्या माणसाला बाधते.

आपल्याला बरे पडतात ते दर पायरीचे सुटे तुकडे. रबरी पाठीचे, चिकटपट्टीने घट्ट बसवलेले, काढून धुता येणारे. १८५९ पासून आलप्पुळ्याच्या कारखान्यांत विणला जाणारा काथ्या झीज सोसतो, पण अनवाणी पायाला टोचतो. लोकर मऊ, चटकन पेट न घेणारी. पण महाग, शिवाय कसर लागते. नायलॉन धुवायला सोपे. काहीही घ्या, लव आखूड आणि घट्ट हवी. गादीसारख्या जाड तुकड्यावर पाऊल स्थिर राहत नाही. रंग दगडाहून उजळ आणि एकरंगी निवडा. नक्षीत कड हरवते. तुकडा कडेवरून पुढे वळलाच पाहिजे, नाहीतर घसरायची जागा उघडीच राहते.

मापही सोपे आहे. घराच्या जिन्याची पायरी साधारण २५ सेंटिमीटर खोल आणि १९ सेंटिमीटर उंच धरा. कडेवरून वळायला ५ मिळवले की एक तुकडा ३० सेंटिमीटरचा. पंधरा पायऱ्यांना साडेचार मीटर पट्टी पुरते. अखंड गालिच्याला सहा मीटर साठ सेंटिमीटर लागली असती.

दोन गोष्टी खास दिवाळीच्या. बिछायत घातलेल्या जिन्यावर पणत्या मांडू नका. नायलॉन वितळते आणि पेटते, आणि सांडलेल्या तेलावर पाय घसरतो. पणत्यांना ओटा आहे, अंगण आहे. दुसरे, जिन्याच्या पायथ्याशी टाकलेले सुटे पायपुसणे आजच उचला. ते पायाखालून सटकायला एक क्षण पुरतो.

आणि खरेदीला निघण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा, कुठल्या पायरीवर त्यांचा हात आपोआप भिंतीकडे जातो? काम तिथून सुरू करा. गालिच्याचा रंग मग सवडीने ठरवता येईल.