वानराचे नाव आणि भाविकांची पिशवी

आज चैत्री पौर्णिमा. सूर्योदयाला गावोगावच्या देवळांत जन्माचे कीर्तन झाले, सुंठवडा वाटला गेला, शेंदूर-तेलाने माखलेल्या मूर्तीच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ पडली. आता पुष्कळ भाविक केळी आणि शेंगदाण्यांच्या पिशव्या घेऊन डोंगरावरच्या देवस्थानांकडे निघतील, कारण मारुतीरायाचे वंशज तेथे वाट पाहत बसलेले असतात अशी आपली श्रद्धा. त्या श्रद्धेविषयी आम्हाला आदर आहे. पिशवीविषयी मात्र दोन शब्द बोलणे आम्ही कर्तव्य समजतो.

प्रथम नावाचा घोळ. आपण ज्यांना सरसकट 'माकडे' म्हणतो ते महाराष्ट्रात दोन निराळे प्राणी आहेत. तांबूस तोंडाचे, भुऱ्या अंगाचे ते माकड. काळ्या तोंडाचा, राखी अंगाचा, धडाहून लांब शेपटीचा तो वानर. लंका जाळताना तोंड आणि हात होरपळले, ही कथा या दुसऱ्याची. गंमत अशी की आमच्या चित्रकारांनी मारुतीला मुखाचा वर्ण दिला माकडाचा आणि शेपूट दिले वानराचे. मस्तकावर कमान करून आलेले ते शेपूट निव्वळ कल्पना नव्हे. तापी-गोदावरीच्या उत्तरेकडील वानर चालताना शेपूट तसेच डोक्याकडे वळवतो. दक्षिणेकडील त्याचा भाऊबंद ते मागे झुकवतो.

युरोपीय पंडितांनाही या प्राण्यासाठी महाकाव्यातीलच नाव सुचावे, हा योगायोग लक्षणीय आहे. १७९७ साली द्युफ्रेन या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने त्याला 'एन्टेलस' म्हटले. व्हर्जिलच्या 'इनीड'मधील हा वयोवृद्ध मुष्टियोद्धा तरुण प्रतिस्पर्ध्याला लोळवतो आणि बक्षिसाचा बैल एका ठोशात मारतो. पुढे या वानराच्या भाऊबंदांना प्रायम, हेक्टर, एजॅक्स अशी ट्रॉयच्या युद्धातील नावे मिळाली. २००१ मध्ये कॉलिन ग्रोव्ह्ज यांनी पूर्वीच्या एका जातीच्या सात जाती केल्या. असो.

नावे वीरांची, पण आहार ऋषींचा! वानर मुख्यतः पानांवर जगतो. जोडीला फुले, कळ्या, फळे, बिया. पाने पचावीत म्हणून त्याच्या जठराला अनेक कप्पे आहेत आणि त्यांत सूक्ष्मजीव तो पाला आंबवून देतात. गाईच्या पोटात चालते तेच हे काम. जंगलात वानरांच्या हातून पाला आणि फळे खाली पडतात, चितळांचे कळप ती वेचतात. वाघ-बिबट्याची पहिली वर्दीही पुष्कळदा झाडावरूनच मिळते.

अशा पोटात आपण काय टाकतो? पेढे, बिस्किटे, केळ्यांचे घड. गाईने धान्याच्या राशीत तोंड घातले तर पोटफुगी होते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. वानराच्या बाबतीत मात्र तेच ज्ञान भक्तीच्या भरात विसरले जाते. शिवाय माणसाच्या हातचे सोपे अन्न मिळू लागले की टोळी झाडांवरून रस्त्यावर येते. घाटात गाडीतून भिरकावलेल्या केळ्यासाठी धावणारे पिल्लू मागून येणाऱ्या चाकाखाली सापडते. धिटावलेला हुप्प्या पिशवी ओढतो, चावतो. मग तीच टोळी शेतात उतरली की आज हात जोडणारी माणसेच हाती दगड घेतात. ज्याची पिके जातात त्याचा संताप आम्ही खोटा मानत नाही. परंतु त्या टोळीला माणसाची चटक लावणारा यात्रेकरू संध्याकाळी पुण्य पदरात घेऊन शहरात परततो, आणि हिशेब शेतकऱ्याच्या माथी राहतो. हे आम्हाला न्याय्य वाटत नाही.

१९७२ च्या कायद्याने वानराला संरक्षण दिले आहे. पण प्रेमाने पुढे केलेल्या केळ्यापासून त्याला कोणता पहारेकरी वाचवणार? देवस्थानांच्या विश्वस्तांनी निदान आजच्या दिवशी पायरीवर एक फलक लावावा. केळी देवापुढे ठेवावीत आणि प्रसाद म्हणून पोराबाळांत वाटावीत. देवळामागच्या पिंपळाला या दिवसांत तांबूस पालवी फुटलेली असते. वानरांची पंगत तेथे केव्हाच बसलेली आहे.