डोळ्यावरची काळी पट्टी

मैत्रिणींनो, गेला आठवडा आमच्या घरात एका काळ्या पट्टीवरून गाजला. चिरंजीवांच्या शाळेत वेशभूषा स्पर्धा होती. शेतकरी झाला, पोस्टमन झाला, गेल्या वर्षी वासुदेव झाला. या वर्षी स्वारी म्हणाली, "मला पायरेट करायचंय." मी मनात म्हटलं, बरं झालं. स्वस्तातलं काम! मोडक्या छत्रीचं काळं कापड, पेटीकोटातून उरलेलं इलॅस्टिक आणि मिशांना काजळ. (छत्रीचं कापड कधी टाकू नका हं. प्रवासात चपला ठेवायला त्याच्या पिशव्या फार छान होतात, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका.)

दुपारी शाळेतून येऊन मी वह्यांचा गठ्ठा बाजूला सारला आणि पट्टी बेतायला बसले. मामंजी ओटीवर पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं नि विचारलं, "हे काय चाललंय, सूनबाई?" सांगितल्यावर पेपर खाली. "चाचा? रत्नागिरीत राहून चाचा? अगं, इंग्रज कान्होजी आंग्र्यांना हेच म्हणत होते!"

मग तासभर इतिहासाचा तास झाला. मीही बी. ए. ला इतिहास घेतला होता, पण मामंजींसारखा तो अंगात भिनलेला नाही. कान्होजी मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. कोकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजानं त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना घ्यायचा, नाहीतर जहाज जप्त. आता गंमत पाहा. हेच काम पोर्तुगीज त्यांच्या आधीपासून करत होते. त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत. पोर्तुगीजांनी केला तर तो कायदा आणि आंग्र्यांनी केली तर ती चाचेगिरी! 1718 मध्ये इंग्रज खांदेरीवर चालून गेले, 1721 मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर गेले, आणि दोन्ही वेळा हात हलवत परतले. कान्होजी 1729 मध्ये वारले ते अजिंक्यच. हरवता आलं नाही की नावं ठेवायची, ही रीत आपल्या चाळींतच असते असं नाही. आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाला 'आयएनएस आंग्रे' नाव आहे.

इथवर माझं मामंजींशी एकमत. पण पुढे त्यांनीच तुळाजी आंग्र्यांचा विषय काढला आणि गोष्ट इतकी सोपी राहिली नाही. कान्होजींचे हे पुत्र पेशव्यांना जुमानेनात, म्हणून नानासाहेब पेशव्यांनीच इंग्रजांची मदत घेतली. 1756 च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि बंदरातलं आंग्र्यांचं सारं आरमार जळून गेलं. किल्ल्यात सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज मिळाला. तो इंग्रजांनी आपसांत वाटून घेतला. वाटणी कशी करायची हे मुंबईहून निघायच्या आधीच ठरलेलं होतं! मग चाचा कोण, ते तुम्हीच ठरवा.

मला मात्र त्या हकिगतीतला निराळाच भाग रुतून बसलाय. तुळाजींच्या घरच्या बायका आणि मुलं किल्ल्यातच अडकली होती. वॉटसन त्यांना भेटायला गेला, तेव्हा म्हातारी आई रडू लागली आणि सहा वर्षांच्या एका पोरानं त्या परक्या माणसाचा हात धरून, आता तुम्हीच माझे वडील, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. वॉटसनच्या आरमारातल्या आइव्ह्ज नावाच्या डॉक्टरनं हे लिहून ठेवलंय. तोफा किती, गलबतं किती, हे आपण पाठ करतो. त्या आईचं पुढे काय झालं, हे कुठल्या धड्यात आहे?

आणि नेमक्या याच बायका-मुलं चाच्यांच्या गोष्टीतून गाळलेली असतात. एक पाय तुटलेला, खांद्यावर पोपट घेतलेला चाचा आपल्याला दिला स्टीव्हन्सननं, 'ट्रेझर आयलंड'मध्ये. ते पुस्तक 1883 चं. पुढे सिनेमांनी त्याला रंग चढवला. 2003 साली निघालेल्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'नं तर घराघरांतली पोरं वेडी केली. त्याच्या 2007 च्या तिसऱ्या भागात जगभरचे चाचे एकत्र जमतात, त्यात हिंदी महासागराचा एक सरदार आहे. नाव काय, तर श्री संभाजी! कान्होजींच्या एका मुलाचं नाव संभाजी होतं. म्हणजे इंग्रजांनी तीनशे वर्षांपूर्वी चिकटवलेली पट्टी हॉलिवूडनं तशीच ठेवली. हे मी मामंजींना सांगितलेलं नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांची.

तुम्ही म्हणाल, पण आपल्याला ही माणसं आवडतात का? मी माझ्यापुरतं सांगते. 'दीवार' मी चार वेळा पाहिलाय आणि चारही वेळा मला कायदा पाळणारा शशी कपूर बावळट वाटला. आपला दिवस कसा जातो ते आठवा. दुधाचा हिशेब, गॅसचा नंबर, माहेरी जायचं तर आधी तिघांना विचारायचं आणि वर कुणी 'जा' म्हटलं तरी त्या 'जा'चा सूर पारखायचा. अशा बाईला कुणाला न विचारता शीड उभारून निघून जाणारा माणूस आवडणार नाही तर काय! शिवाय गोष्टीतल्या चाच्याला घर नसतं. त्याच्यासाठी कुणी नारळ खवत नाही, त्याच्या सदऱ्याची कॉलर घासत नाही. आणि त्यानं लुटलेल्या जहाजावरच्या खलाशाच्या घरी महिनाअखेरीस काय शिजलं, हे दाखवायचंच नसतं. दाखवलं तर तिकीट कोण काढणार? 'शोले' 1975 चा. त्यातला गब्बर पुढे बिस्किटांच्या जाहिरातीतही आला. पण त्याच नावाचा खरा दरोडेखोर 1950 च्या दशकात चंबळच्या मुलखात लोकांची नाकं कापत हिंडत होता. त्या नाक कापलेल्या माणसांनी ती बिस्किटं कशी खाल्ली असती?

सगळेच एका माळेचे मणी, असंही मी म्हणत नाही हं. उमाजी नाईकांना इंग्रजांनी दरोडेखोर ठरवून 1832 मध्ये पुण्यात फाशी दिलं, आपण त्यांना क्रांतिवीर म्हणतो आणि योग्यच करतो. पण एक खरा निघाला म्हणून सरसकट सगळ्यांना हार घालायचे?

आमच्या सासूबाईंच्या पेटीत एक जपानी नायलॉनची साडी आहे. आकाशी, पांढऱ्या फुलांची. अजून चुरगळत नाही. त्या काळी परदेशी मालावर बंदी, सोन्यावर निर्बंध, म्हणून घड्याळं, कापड, सोनं चोरून किनाऱ्याला उतरायचं. "कुठून आली हे कुणी विचारायचं नाही, आणि हळदीकुंकवाला नेसली की सगळ्या हात लावून बघायच्या," सासूबाई सांगतात. स्मगलर म्हणजे कुणी शूर, दिलदार माणूस, असाच समज. मग 1993 च्या फेब्रुवारीत आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं. वाटा त्याच चोरट्या मालाच्या, हात पुष्कळसे तेच. 12 मार्चला मुंबईत 257 माणसं गेली. ज्याच्यावर नंतर सिनेमांमागून सिनेमे निघाले, त्या दाऊद इब्राहिमचं मूळ गाव मुंबके आपल्याच जिल्ह्यात, खेड तालुक्यात. 2020 साली सरकारनं तिथली त्याची मालमत्ता लिलावात काढली. सासूबाई ती साडी आता नेसत नाहीत. टाकतही नाहीत.

हे सगळं मी तुम्हाला शहाणपणानं सांगतेय खरी, पण पट्टी बेतताना यातलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. संध्याकाळी वहिनी आल्या. माझा दादा बोटीवर असतो, मालवाहू बोटीवर. वहिनींनी पट्टी हातात घेतली आणि विचारलं, "ही कुणाला?" आणि मग मला आठवलं.

2011 साल. दादाची बोट एडनच्या आखाताकडे निघालेली. वहिनींच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. तेव्हा सोमाली चाच्यांनी नुसता उच्छाद मांडला होता. 'अस्फाल्ट व्हेंचर' या बोटीवरच्या पंधरा भारतीयांपैकी सातजणांना, खंडणी पोचल्यावरसुद्धा, त्यांनी सोडलं नाही. ते सुटले 2014 च्या ऑक्टोबरात. चार वर्षं! दादाचा त्या वेळी एकोणीस दिवस फोन नव्हता. वहिनी रोज दोघांचा भात लावत आणि सकाळी एकाचा फोडणीला टाकत. आईला आम्ही काही सांगितलं नव्हतं, तिनंही काही विचारलं नाही, पण भगवतीला मात्र रोज जाऊ लागली. दादानं नंतर सांगितलं, कठड्याला काटेरी तारा गुंडाळल्या होत्या, पाण्याचे पाइप सोडून ठेवले होते, आणि डेकवर जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या भरून माणसं उभी केली होती, लांबून पहारा वाटावा म्हणून. आपल्या भातशेतीत बुजगावणं असतं ना, तसं. ते चाचेही कुणा उपाशी किनाऱ्यावरचेच असतील, मान्य आहे. पण त्यांच्या हातात पोपट नव्हता, मशीनगन होती. आणि हे संपलंय असंही नाही. 2024 च्या मार्चमध्ये आपल्या नौदलानं 'रुएन' या बोटीवरचे सतरा खलाशी सोडवले आणि पस्तीस चाचे पकडून मुंबईला आणले. ती बातमी आली त्या दिवशीही दादा समुद्रातच होता.

मला इतकं ओशाळं वाटलं की मी पट्टी परत मागितली. म्हटलं, "वहिनी, राहू दे. त्याला पोस्टमन करू." चिरंजीवांचा चेहरा पडला.

वहिनींनी पट्टी दिली नाही. सुई मागितली. "इलॅस्टिक सैल ठेवलंयस, नाचताना खाली येईल," म्हणाल्या आणि दोन टाके घालून दिले. स्पर्धेच्या दिवशी मिशाही त्यांनीच काढल्या. माझा हात जरा कापतो, त्यांचा स्थिर आहे. फोटो काढला, पण दादाला पाठवला नाही. त्याची बोट त्या आठवड्यात सुवेझच्या वाटेवर होती. बंदराला लागल्यावर पाठवू, म्हणाल्या.