फोनच्या नोंदी पोलिसांकडे गेल्या. ग्राहकाला कधी कळणार?

कुरकुंभ एमआयडीसीतील कारखान्यावर पुणे पोलिसांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये छापा टाकून मेफेड्रोनचा मोठा साठा जप्त केला आणि दौंड तालुक्यातील हे गाव देशभर बातम्यांत आले. अशा गुन्ह्यांच्या तपासात कॉलच्या नोंदी, म्हणजेच सीडीआर, हे पोलिसांचे नेहमीचे साधन असते आणि ते असायलाच हवे. प्रश्न आहे तो तपास संपल्यानंतरचा. ज्याचा गुन्ह्याशी काहीच संबंध निघाला नाही, त्याला त्याच्या नोंदी तपासल्या गेल्याचे कोण सांगणार? सध्या कोणीच नाही.

सीडीआरमध्ये काय असते?
त्यात संभाषण नसते. कोणाला, कधी, किती वेळ फोन केला आणि मोबाइल कोणत्या टॉवरवर होता, एवढेच असते. पण तेवढ्यावरून रात्रपाळी, दवाखाना, नातीगोती सारे उघड होते. 'टॉवर डंप' घेतल्यास ठरावीक वेळेत त्या टॉवरवर असलेला प्रत्येक नंबर यादीत येतो. कुरकुंभमध्ये पाळी सुटण्याची वेळ असेल, तर कारखान्याचे कामगार, पुणे-सोलापूर महामार्गावरचे ट्रकचालक आणि फिरंगाई देवीच्या दर्शनाला आलेले भाविकही त्यात येतील.

नियम काय सांगतो?
भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार पोलीस या नोंदी मागवू शकतात. कंपन्यांना त्या किमान दोन वर्षे ठेवाव्याच लागतात. फोन टॅपिंगच्या आदेशांची तपासणी आढावा समिती करते. सीडीआरसाठी तशी समिती नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 'माझी माहिती कोणाला दिली?' हे विचारण्याचा हक्क आहे. मात्र, गुन्ह्याच्या तपासासाठी लेखी मागणीवरून दिलेली माहिती त्यातून वगळली आहे.

धोका खरा आहे का?
सीडीआर बेकायदा मिळवून विकणारी टोळी २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनीच पकडली होती. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. त्याला दाद मागता आली, कारण सीबीआयने त्याच्यावर आरोपपत्र दाखल केले होते. म्हणजे आरोपीला कळते. निर्दोष माणूस मात्र अंधारात राहतो.

मार्ग काय?
आधी कळवले तर गुन्हेगार सावध होईल, हा पोलिसांचा आक्षेप रास्त आहे. म्हणून नंतर कळवावे. जर्मनीत अशा नोंदी घेतल्याचे संबंधितांना नंतर कळवण्याची तरतूद आहे. तपासाला बाधा येणार असेल तर ते लांबणीवर टाकता येते. इथेही तपास संपल्यावर किंवा ठरावीक मुदतीनंतर कंपनीने कळवावे. मुदत वाढवायची असेल तर पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी. 'डिजिटल अरेस्ट'च्या काळात अशा मेसेजची भीती वाटेल, म्हणून त्यात लिंक नको. तीच नोंद कंपनीच्या ॲपमध्ये आणि गॅलरीत पडताळता यावी.

डेटा संपत आला की कंपनी लगेच मेसेज पाठवते. ग्राहकाची माहिती सरकारकडे गेली, हे सांगायलाही तोच एक मेसेज पुरेसा आहे.