आगोटीच्या कामांत एक डिस्क

किनाऱ्यावरचा संगणक

मे सरत आला की आपल्याकडे आगोटीची कामं निघतात. होड्या वर ओढल्या जातात, लाकूडफाटा आत जातो, छपरावर ताडपत्री चढते. यंदा त्यात एक काम वाढवा. लिनक्सच्या मशीनला दुसरी हार्ड डिस्क लावली असेल, तर लाईट जाऊन आल्यावर ती जागेवर असते का, ते बघून घ्या.

विंडोजमध्ये दुसऱ्या डिस्कला 'डी'सारखं अक्षर मिळतं. लिनक्स ज्यातलं आहे त्या युनिक्सच्या घराण्यात सगळे फोल्डर एकाच मुळापासून, रूटपासून फुटतात. केबल जोडली की कर्नल डिस्क ओळखतो. 'एलएसबीएलके' अशी आज्ञा दिली की 'एसडीबी' नावाने ती यादीत दिसते. पण पार्टिशन पाडून, फॉरमॅट करून ती एखाद्या फोल्डरवर माउंट केल्याशिवाय, म्हणजे त्या फोल्डरशी जोडल्याशिवाय, तिच्यात फाइल ठेवता येत नाही. बरेच जण हाताने माउंट करतात आणि फाइली दिसल्या की काम झालं असं समजतात.

घात होतो तो इथेच. हाताने केलेलं माउंट मशीन बंद होईपर्यंतच टिकतं. पावसात लाईट जाते, येते, मशीन पुन्हा सुरू होतं. डिस्क आता माउंट नाही, पण ती ज्यावर माउंट केली होती तो 'बॅकअप' नावाचा रिकामा फोल्डर पहिल्या डिस्कवर आहेच. रात्रीचा बॅकअप बिनतक्रार त्यात उतरतो. मच्छीमार सोसायटीचा डिझेल परताव्याचा हिशेब आणि त्याची प्रत, दोन्ही एकाच डिस्कवर! एरर येत नाही, म्हणून महिनोन् महिने कुणाला पत्ता लागत नाही.

उपाय सोपा आहे. 'ब्लकआयडी' या आज्ञेने डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, काढा आणि सुरू होताना काय कुठे माउंट करायचं ते मशीनला सांगणाऱ्या 'एफएसटॅब' फाइलीत त्याची एक ओळ लिहा. तिथे 'एसडीबी' लिहू नका, कारण ही नावं आपसांत बदलू शकतात. ओळीत 'नोफेल' घाला, म्हणजे खाऱ्या हवेने कनेक्टर गंजून डिस्क सापडली नाही तरी मशीन सुरू होताना अडकणार नाही. मात्र मग बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये आधी डिस्क माउंट आहे का, याची 'माउंटपॉइंट' आज्ञेने तपासणी हवीच. डिस्क नसेल तर स्क्रिप्टने थांबून तसं कळवलं पाहिजे.

पडताळून पाहण्याची ही शिस्त अलिबागला जुनी आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांनी चुंबकीय नोंदी बिघडणार म्हणून १९०४ साली कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेचं काम इथे आणलं. पण वेधशाळेचे प्रमुख डॉ. नानाभाई मूस यांनी कुलाब्याची उपकरणं लगेच बंद केली नाहीत. १९०६पर्यंत दोन्हीकडे नोंदी चालल्या, त्यामुळे जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ घालता आला. अशा नीट ठेवलेल्या नोंदी पुढे कामी येतात: कुलाब्याला जपलेल्या १८५९च्या नोंदींवरूनच त्या वर्षीच्या सौर वादळाची तीव्रता २००३मध्ये मोजली गेली.

३ जून २०२०ला 'निसर्ग' वादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा कित्येक गावांत लाईट यायला आठवडे गेले. अशा जागी मशीन लावणाऱ्याची जबाबदारी डिस्क यादीत दाखवून संपत नाही, असं माझं ठाम मत आहे. बिल चुकतं करण्याआधी त्याला तुमच्यासमोर मशीन बंद करून पुन्हा सुरू करायला सांगा. कुणी हात न लावता डिस्क जागेवर आली आणि तिच्यातली कालची फाइल उघडली, तरच पैसे द्या.

— संगणकमित्र, अलिबाग