पाठिंबा कुणाचा, कुणाच्या नावाने?

निवडणूक जवळ आली की आमच्या अक्कलकोटात व्यापाऱ्यांच्या संघटनांची 'जाहीर पाठिंबा' पत्रके निघतात. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान झाले. त्याआधीच्या आठवड्यात अशी दोन पत्रके माझ्या हाती आली. दोन्ही 'समस्त व्यापारी बांधवां'ची होती, पाठिंबा मात्र दोन वेगवेगळ्या उमेदवारांना होता. एका तालुक्याच्या गावात दोन 'समस्त' कसे मावतात, हे त्या बांधवांनी आपापसात मिटवावे. मला खटकले ते वेगळेच. एका पत्रकात पाठिंबा 'आमच्या सर्व कामगार-कर्मचाऱ्यांसह व सहकुटुंब' जाहीर केला होता.

सहकुटुंब हा शब्द लग्नपत्रिकेत ठीक आहे. मतपत्रिकेवर कुटुंब नसते. तिथे एकेका माणसाचे नाव असते आणि बाईचे नाव नवऱ्याच्या नावाच्या पोटात लिहिलेले नसते.

मी या गावात आणि आसपासच्या खेड्यांत नऊ वर्षे बायकांबरोबर काम करते आहे. बचत गट, रेशनची प्रकरणे, पोटगीच्या तारखा, असे ते काम. व्यापारी संघटनेने राजकीय भूमिका घेऊच नये असे मी म्हणणार नाही. कामगार संघटना भूमिका घेतात, शेतकरी संघटना घेतात, आपली स्त्री-संघटनाही घेते. प्रश्न आहे तो ही भूमिका कुणी ठरवली, कुणाच्या नावाने जाहीर केली आणि तिच्या बदल्यात काय मागितले, हा.

कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या एका मैत्रिणीला मी ते पत्रक दाखवले. ती म्हणाली, "ताई, मालकानं आपलं चिन्ह कुठलं ते सांगितलं. विचारलं न्हाई, सांगितलं." सकाळी दहाला ती दुकानात शिरते, रात्री नऊला निघते. गुरुवारी स्वामी समर्थांच्या दर्शनाला गर्दी लोटते, म्हणून गुरुवारी सुट्टी नाही. पौर्णिमेला नाही, पुण्यतिथीला नाही. गर्दी नसेल त्या दिवशी सुट्टी घेतली तर पगार कापतात. दुकानात पाच बाया आणि दोन मुलगे आहेत, म्हणजे सात कामगार.

हा सातचा आकडा लक्षात ठेवा. कारण पत्रकात जे लिहिलेले नसते, ते या आकड्यात आहे.

पूर्वी महाराष्ट्रात १९४८ चा दुकाने व आस्थापना कायदा होता आणि त्याच्या कक्षेत लहान दुकानेही येत. 'इन्स्पेक्टर राज संपवा' ही व्यापारी संघटनांची वर्षानुवर्षांची मागणी. व्यवसाय सुलभ करण्याच्या नावाखाली २०१७ चा नवा कायदा आला आणि त्या वर्षीच्या १९ डिसेंबरपासून लागू झाला. त्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास, आठवड्याची सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर अशा सगळ्या चांगल्या गोष्टी होत्या. फक्त त्या दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणीच लागू होत्या. दहाच्या आतल्या दुकानदाराने आपण धंदा करतो एवढे कळवायचे, की झाले. अक्कलकोटच्या बाजारपेठेत दहा कामगार असलेली दुकाने बोटांवर मोजावीत. म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या तासांचा आणि सुट्टीचा हिशेब या कायद्यातून २०१७ लाच बाहेर पडला. किमान वेतनाचा हक्क वेगळा, तो उरतो. पण तास कुणी मोजायचेच नाहीत, तर वेतन कशाने भागायचे?

पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा दहावरून वीसवर नेण्याला आणि रोजचे तास नऊवरून दहा करण्याला मंजुरी दिली. निवडणूक होऊन वर्षही झाले नव्हते. आमच्या गावच्या पत्रकामुळे हे घडले असे म्हणण्याइतकी मी भोळी नाही. पण गावोगावच्या व्यापाऱ्यांचा राजकारणावर जो दाब असतो, तो अशाच लहान लहान पत्रकांतून जमा होतो. आणि त्या दाबात सात जणांच्या दुकानातली ती पाच बायांची मतेही मोजलेली असतात. तिच्या मताच्या जोरावर तिचीच सुट्टी जाते.

तपासनीस म्हणजे हप्ता, हे मलाही माहीत आहे. व्यापारी ते सांगतात तेव्हा खोटे बोलत नाहीत. पण १८ मे २०२५ ला सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. कारखान्याच्या आवारातच राहणारी माणसे होती ती. मालकाचे कुटुंब आणि कामगाराचे कुटुंब, दोन्ही. त्यात बायका होत्या, वर्षाचे मूल होते. तपासणी भ्रष्ट असेल तर ती सुधारा म्हणावे. ती नकोच म्हणणाऱ्याने आपल्या घरच्यांनाही विचारून पाहावे.

व्यापाऱ्यांना राजकारणात वेगळे स्थान मिळाले ते काही आज नाही. १९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. जागा १७५. त्यांत व्यापार-उद्योगाला स्वतंत्र ७ जागा होत्या आणि बायकांना ६. अक्कलकोट तेव्हा भोसल्यांचे संस्थान, त्यामुळे इथल्या लोकांचा त्या निवडणुकीशी संबंध आला नाही. पण प्रांतातल्या सगळ्या बायकांपेक्षा चेंबरवाले आणि गिरणीमालक एका जागेने पुढे होते, हा हिशेब मला फार बोलका वाटतो. राज्यघटनेने व्यापाराच्या जागा काढून टाकल्या. मग पैसा आणि पाठिंबा हे दोन रस्ते उरले. १९५७ मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीने पक्षांना देणग्या देण्यासाठी आपली नियमावली बदलायची परवानगी मुंबई उच्च न्यायालयाकडे मागितली. मुख्य न्यायमूर्ती छागलांनी ती दिली, पण अशा देणग्यांनी लोकशाहीला असलेला धोकाही बजावून सांगितला. पुढे १९६९ ला कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ ला ती उठली, २०१७ ला तर नफ्याच्या टक्केवारीची मर्यादाही गेली आणि निवडणूक रोख्यांची गुप्तता आली. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने रोखे घटनाबाह्य ठरवले. बायकांचा हिशेब मात्र २८८ च्या सभागृहात २०१९ ला २४ वर होता आणि २०२४ ला त्याच्याही खाली आला.

पाठिंब्याची किंमत वसूल कशी होते हे पाहायचे तर एलबीटीचे प्रकरण आठवा. २०१३ मध्ये या स्थानिक संस्था कराविरुद्ध राज्यभर व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. २०१४ च्या विधानसभेला भाजपने कर रद्द करण्याचे आश्वासन दिले आणि १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींच्या आतली उलाढाल असणारे व्यापारी त्यातून सुटले. कर किचकट होता, मान्य. पण तो महापालिकेचा पैसा होता. वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड नळाला पाणी भरणाऱ्या सोलापूरच्या बायकांना, हा कर घालवा की ठेवा, आणि घालवला तर पाण्याचे पैसे कुठून आणायचे, हे कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. पाणी त्या करामुळे थांबले असे नव्हे. पण चर्चेच्या खोलीत पाणी भरणारी कुणीच नव्हती.

आणि आता एक दुटप्पीपणा. ऑगस्ट २०२४ पासून बायकांच्या खात्यात लाडकी बहीणचे पंधराशे रुपये येऊ लागले, तेव्हा याच बाजारात 'मते विकली' असे टोमणे मी ऐकले. त्या योजनेबद्दल माझेही आक्षेप आहेत. पण बाईने पंधराशे घेऊन मत दिले की ती विकली गेली, आणि कर किंवा कायदा आपल्या सोयीचा करून घेण्यासाठी संघटनेने पाठिंबा दिला की ते 'धोरण', हे कुठले व्याकरण?

कुणी म्हणेल, लहान दुकानदार आधीच मेटाकुटीला आलाय, ऑनलाइन खरेदीने त्याचे कंबरडे मोडले, तुम्ही त्याच्याच मागे का लागता? त्याची अडचण खरी आहे. त्याची बायकोही दुपारी गल्ल्यावर बसते, हिशेब लिहिते. कर्जासाठी दुकान कागदोपत्री तिच्या नावावर केलेले असते, असे कितीतरी घरांत पाहिले आहे. कागदोपत्री व्यापारी ती, पण पाठिंब्याची बैठक 'बांधवां'ची. तिलाही तिथे बोलावलेले नसते. तेव्हा माझे भांडण त्याच्या दुकानाशी नाही. बैठकीच्या दाराशी आहे.

म्हणून आमच्या गटाने संघटनांपुढे ठेवलेल्या मागण्या साध्या आहेत. उमेदवाराला पाठिंबा देताना त्याच्याकडे काय मागितले, ती यादी पत्रकातच छापा. बैठकीला किती जण होते, त्यांत बायका किती, हे लिहा. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव टाका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७अ कलमाने ते सक्तीचेच आहे, आणि माझ्या हातातल्या दोनपैकी एका पत्रकावर ते नव्हते. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणे हाही गुन्हा आहे, हे ठाऊक असू द्या. आणि 'कामगार-कर्मचाऱ्यांसह' हे शब्द काढा.

एका संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना आम्ही हे लेखी दिले. "ताई, तुम्ही बायकांचे प्रश्न बघा ना," असे उत्तर मिळाले. तेच तर बघतोय. कामाचे तास, सुट्टी, दुकानात बसायला एक स्टूल, स्वच्छतागृह, आणि लैंगिक छळाची तक्रार घेऊन दहाच्या आतल्या दुकानातल्या मुलीला चाळीसएक किलोमीटरवरच्या सोलापूरला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे लागते, ते अंतर. पुढच्या निवडणुकीत पुन्हा ते शब्द छापले गेले, तर दुकानांतल्या बायांच्या नावाने आम्हीही एक पत्रक काढू. मजकूर ठरला आहे: आमचे मत कुणीही जाहीर करू नये, ते गुप्त आहे. खाली मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या असेल.